गुळवण्यांचा काढा

देवाच्या पायाशी डोकं ठेवलं, आणि मग तुमच्या पायांकडे पाहिलं. चपला बाहेर काढल्यात ना सगळ्यांनी? शाब्बास! मग अहंकारही तिथंच ठेवून या आणि सावरून बसा. जाताना चपला सापडल्या नाहीत तर समितीकडे तक्रार करा. अहंकार सापडला नाही तर मात्र गुपचूप घरी जा! कोणाला विचारू नका!

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. तहानलेल्याला पाणी दिलं तर पुण्य लागतं, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे. पण कोणाला लागतं? पेला पुढे करणाऱ्याला, की विहिरीवरून पाणी ओढून आणणाऱ्याला? तुम्ही म्हणाल, बुवा, दोघांनाही. बरं! मग मला सांगा — ओढून आणणाराच एक दिवस तहानला, तर त्याला पाणी कोण देतं?

शांत झालात! आत्ताच? अजून आख्यान सुरूसुद्धा झालं नाही!

पेटीवाले, जरा सूर द्या —

ओंजळ दिसते देणाऱ्याची, जगास दिसतो दाता ।
ओंजळ भरती हात कुणाचे, कोण विचारी आता? ॥

कोण विचारी आता? ऐका.

कृष्णाकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही — तुमच्यापैकी कोणाची तरी सोयरीक असायची तिथं, आणि उद्या मला फोन यायचा! त्या गावात दत्ताच्या देवळामागच्या आळीत राहत होते श्रीनिवासराव गुळवणी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर कालव्याला पाणी सोडलं, पण घरातल्या पातेल्यात एकदाही सोडलं नाही! अंगानं भरलेले, आवाज भारदस्त, डोक्याला कानटोपी. आणि त्यांची पत्नी गोदाकाकू. त्यांचा आवाज कसा होता? ते आळीत कोणाला ठाऊकच नव्हतं! श्रीनिवासराव घरात असताना दुसरा आवाज निघायला जागा कुठं?

त्या गावची थंडी वाईट. नदीवरून धुकं उठतं आणि थेट नाकात शिरतं! दिवाळी सरली की आळीत सकाळी भूपाळी ऐकू येत नाही — शिंका ऐकू येतात. या घरातून एक, त्या घरातून दोन, कोपऱ्यावरच्या वाण्याची तर अशी, की तराजू हलतो! — गिऱ्हाईक म्हणतं, वजन पुन्हा करा!

पण गुळवण्यांच्या फाटकाशी सकाळी रांग लागायची. हातात पेले, तांबे, कोणाकडे थर्मास. फाटकात श्रीनिवासराव उभे, पुढ्यात वाफाळतं पातेलं, हातात डाव. आणि नुसता काढा देतील तर ते श्रीनिवासराव कसले? आधी प्रवचन!

"हे पाहा, कफ म्हणजे काय? शरीरातला गाळ! कालव्यात गाळ साठला की काय करतो आपण? प्रवाह सोडतो! हा काढा म्हणजे प्रवाह! — पेला सरळ धर रे, सांडतोय."

लोक प्यायचे. घसा शेकून निघायचा, नाक मोकळं व्हायचं. "व्वा काका! काय हात आहे तुमचा!"

काका म्हणायचे, "ही सेवा आहे. मी फक्त निमित्त!"

खरं बोलायचे हो! शंभर टक्के खरं! पण मंडळी, काही माणसं खरं अशा आवाजात बोलतात, की ऐकणाऱ्याला ते खोटंच वाटावं!

एखादी सूनबाई धीर करून विचारायची, "काका, यात काय काय घालता?"

काका डोळे मिटून हसायचे. "ते गुपित आहे, बाळ."

आता गुपित का? कारण त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं! आडनाव गुळवणी — आणि काढ्यात गूळ कधी पडतो, याचा पत्ता नाही!

ठाऊक होतं ते गोदाकाकूंना. काका पांघरुणात असताना काकू परसात. न्हाणीच्या कडेला गवती चहाचं बेट होतं, तिथं वाकून पात कापायची. आलं ठेचायचं. चुलाणावर पातेलं चढवायचं, धुरात डोळे चोळत बसायचं. तयार झालं की फडकं धरून ते फाटकापर्यंत न्यायचं आणि आत वळायचं. तेवढ्यात काकांची कानटोपी दारात! रांगेला काकूंची फक्त पाठ दिसायची. देवाची पाठ दिसत नाही असं म्हणतात. काकूंचं तोंड दिसत नव्हतं!

मग काय झालं? मग तेच झालं, जे आपल्याकडे प्रत्येक भल्या माणसाचं होतं. सत्कार ठरला!

दत्ताचा उत्सव आला. देवस्थान समितीचे अध्यक्ष आबासाहेब घरी येऊन बसले. म्हणाले, "श्रीनिवासराव, उद्या उत्सवात तुमचा सन्मान करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ. आणि हो, बायका फार मागं लागल्यात — काढ्याचं प्रात्यक्षिकही होऊन जाऊ द्या. व्यासपीठावर शेगडी ठेवतो."

शहाणा माणूस काय म्हणाला असता? "आबा, काढा ही करते, हिला बोलवा." बास! एवढं एक वाक्य! जिभेला त्याचं वजन ते किती? पण शाल दिसली मंडळी, की माणसाला खांदा फक्त स्वतःचाच आठवतो!

"अवश्य," काका म्हणाले. "समाजासाठी तेवढं करायलाच हवं."

आबासाहेब गेले. काका आत आले. "ऐकलंस का गं? उद्या प्रात्यक्षिक!"

काकू पलंगावर, दोन पांघरुणं घेऊन, भिंतीकडे तोंड करून. दात वाजत होते. काकांना सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटतच होतं. काय चुकलं होतं? चहा उशिरा आला होता!

"अगं, काय होतंय?"

"अंग मोडून आलंय हो. थंडी वाजतेय. घसा पार धरलाय."

काकांनी कपाळाला हात लावला. चटका बसला. आणि मंडळी, त्या क्षणी नवऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय यावं? डॉक्टरांना बोलावतो? पाणी देतो? काय आलं, ऐका —

"अगं, उद्या सत्कार आणि आज ताप? काढेवाल्याच्या घरात ताप! लोक काय म्हणतील? कोणाला सांगू नकोस!"

हसू नका! हसू नका, कारण आपल्याकडे आजाराला औषध नंतर देतात. आधी त्याला लोकांपासून लपवतात.

काकू म्हणाल्या, "नाही सांगत." बिचारी सांगणार तरी कशी? आवाज बसलेला!

"बरं, पण मला ते प्रमाण सांगून ठेव," काका म्हणाले आणि पलंगाच्या कडेला बसले.

काकू उठून बसल्या. श्वास घेत घेत सांगायला लागल्या. "पाणी ठेवायचं. आलं ठेचून घालायचं — किसू नका, ठेचा. गवती चहाच्या पातीला गाठ मारून टाका, म्हणजे गाळताना त्रास होत नाही. तुळशीची पानं. दालचिनीचा तुकडा. एखादी लवंग. आणि मिरी…" इथं खोकला आला.

"मिरी किती?"

खोकला.

"अगं किती?"

खोकला! छातीतून, भांडं घासल्यासारखा!

"असू दे, अंदाजानं घालतो. गूळ?"

"गूळ शेवटी… पाणी अर्धं आटलं, खाली उतरवलं, की मग…"

"झालं? एवढंच? सोपं आहे की!"

सोपं आहे! मंडळी, दुसऱ्यानं रोज केलेलं काम नेहमी सोपंच असतं!

दुसऱ्या दिवशी काका नवं धोतर नेसून निघाले. दारातून मागं वळून म्हणाले, "अगं, कार्यक्रम झाला की आबासाहेब वगैरे मंडळी इकडेच येतील. जमलं तर थोडा काढा करून ठेव हं. त्यांना घरचा लागेल."

जमलं तर! या दोन शब्दांनी आपल्याकडच्या बायकांच्या कंबरा मोडल्या आहेत! ज्यांनी हे दोन शब्द कधीच वापरले नाहीत, त्यांनी हात वर करा. — तबलजी, तुम्ही हात खाली घ्या. तुमच्या सौ. पलीकडं बसल्यात, मला दिसताहेत!

तर देवळात सभामंडप भरलेला. शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. काका माईकपुढे उभे राहिले, आणि बोलता बोलता असे रंगले, असे रंगले, की म्हणाले — "या काढ्याचा गुण काय सांगू? आमच्या घरात गेली कित्येक वर्षं साधी शिंक ऐकू आलेली नाही!"

टाळ्या! दत्तासमोर बोलले हो! तीन तोंडं, सहा डोळे, ऐकायला सहा कान — त्यांच्यासमोर!

मग प्रात्यक्षिक. शेगडी काही पेटेना. काका बटण दाबताहेत, फिरवताहेत; शेवटी पुजारीबुवांनी येऊन पेटवली. पाणी ठेवलं. आलं टाकलं — सालासकट, मातीसकट. पात टाकली. तुळस टाकली. आता मिरी! डबीत हात घातला… किती घालायची? सगळी सभा बघतेय. थांबलं तर कळेल! काकांनी मूठ भरली आणि ओतली!

उकळलं, गाळलं, पेले भरले. पहिला पेला आबासाहेबांना.

आबासाहेबांनी घोट घेतला. कान लाल झाले. मग नाक लाल झालं. डोळ्यांतून धारा! सगळी सभा श्वास रोखून बघतेय. आबासाहेबांनी माईक ओढला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले — "अमृत! साक्षात अमृत! डोळे भरून आले!"

मग काय विचारता! ज्याला मिळेल तो पितोय, रडतोय आणि म्हणतोय, व्वा! एकजण खांबाला धरून उभा राहिला — म्हणाला, समाधी लागली! अहो, शाल पांघरलेल्या माणसाच्या हातचा काढा तिखट लागतो असं म्हणायची छाती कोणाची?

छाती होती एकीची. गुळवण्यांच्या शेजारच्या चंद्राक्का. वय झालेलं, कानांनी कमी ऐकू येतं, पण जीभ शाबूत! त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि बसल्या जागेवरून मोठ्यानं विचारलं — बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही —

"श्रीनिवासा, गोदा कुठाय?"



काका म्हणाले, "घरी आहे, अक्का."

"काय?"

"घरी! जपाला बसलीय!"

"जपाला?" अक्का उठून उभ्या राहिल्या. "आमची तुमची भिंत एक. सकाळपासून भिंतीपलीकडून खोकला येतोय. अरे, माझे कान गेलेत, तरी मला ऐकू आला! तुला नाही आला?"

काकांच्या हातात डाव.  खांबाला धरलेल्याची समाधी उतरली.

अक्का व्यासपीठापर्यंत आल्या. आता त्यांनी आवाज खाली घेतला, त्यांना जमेल तेवढा. "साऱ्या गावाला काढा दिलास. बरं केलंस. तिला कुणी दिला?"

तिला कुणी दिला?

मंडळी, श्रीनिवासरावांनी नोकरीत मोठमोठ्या साहेबांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. कालवा फुटला तेव्हा दिली, पाणी चोरीला गेलं तेव्हा दिली. आणि आता? त्यांनी डाव खाली ठेवला आणि व्यासपीठावरून उतरले. माणसं बाजूला झाली. अनवाणी, चपला देवळातच विसरून, ते आळीतून जवळजवळ पळत निघाले.

घरी आले. पलंग रिकामा! "गोदा!" हाक मारली.  आत स्वयंपाकघरात गेले, तर काकू ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या. मांडीशी खलबत्ता, खलात अर्धवट ठेचलेलं आलं. चेहरा तापानं लाल, ओठ कोरडे, श्वास घेताना छाती वर ओढली जातेय. काकांना बघून त्या ओट्याचा आधार घेऊन उठायला लागल्या. काय म्हणाल्या असतील?

"मंडळी आली का हो? थांबा… अजून उकळी यायचीय…"

अहो, ताप चढलाय, धाप लागलीय, आणि बाईला काळजी उकळीची!

काका खाली बसले. नवं धोतर, शाल, सगळ्यासकट जमिनीवर बसले. म्हणाले, "कोणी येणार नाही. तू उठू नकोस." आणि मग खिडकीतून ओरडले — तोच भारदस्त आवाज, पहिल्यांदाच कामाला आला! — "अहो, कोणीतरी डॉक्टरीणबाईंना आणा! लवकर आणा!"

डॉक्टर शिरगुप्पेबाई आल्या. छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं, कपाळाला आठी पडली. "काका, हा फ्लू आहे, आणि छातीत उतरायला लागलाय. कालच का नाही बोलावलंत?"

"काढा… घरचाच आहे म्हणून…" काका पुटपुटले.

"काढा चांगलाच असतो. घसा शेकतो, बरं वाटतं. पण छातीतला कफ तुमच्या काढ्याचं नाव ऐकून पळत नाही! या गोळ्या वेळेवर द्या. पातळ, गरम, पोटात जात राहू दे. उठू द्यायचं नाही. धाप वाढली तर लगेच गाडी काढून सांगलीला न्यायचं, मला विचारत बसायचं नाही. कळलं?"

कळलं. डॉक्टरीणबाई गेल्या. काकूंना गोळी दिली, पांघरूण घातलं. आणि आता गरम काहीतरी द्यायचं, ते कोण करणार? मुलगी दिलेली हुबळीला. कळवलं, ती निघाली, पण तोवर? घरात दोनच माणसं. एक झोपलेलं. दुसरं…

दुसरं परसात गेलं. गवती चहाची पात हातानंच ओढली — आणि सर्रकन् बोट कापलं! तुम्हाला माहीत आहे ना, ती पात दिसायला गवत, धार वस्तऱ्याची! काका बोट चोखत आत आले. आलं खलात होतंच. दालचिनी? फडताळ उघडलं. डब्यांमागे डबे, एकावर एक! स्वतःच्या घरात माणूस परक्यासारखा उभा! पलंगावरून काकूंनी हात वर केला, बोट दाखवलं. "वरचा? डावा? हा? याच्या मागचा?" काकू मान हलवताहेत, काका डबे उघडताहेत. जिरं निघालं, मोहरी निघाली, साबुदाणा निघाला. शेवटी दालचिनी! कोलंबसाला एवढा आनंद झाला नसेल!

पहिला काढा उतू गेला. दुसऱ्यात पाणी इतकं आटलं, की पातेल्यात नुसती पातच उरली. तिसरा जमला. गाळणी सापडली नाही, शेवटी धुतलेल्या पंच्यानं गाळला. गूळ घातला — उतरवल्यावर! तेवढं लक्षात होतं.

पेला घेऊन काका पलंगाशी बसले. काकूंनी दोन्ही हात पुढे केले, आणि तेव्हा काकांनी ते हात पाहिले. बोटांवर बारीक बारीक चिरा. काही जुन्या, बुजलेल्या. काही ताज्या.

"हे कधी झालं?"

काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "रोजचंच आहे ते. पातीनं होतं."

काका पेला धरून राहिले. काकूंनी घोट घेतला. थांबल्या. डोळे मिटले. आणखी एक घोट.

काकांनी विचारलं — परीक्षेला बसलेल्या पोरासारखं विचारलं — "कसा झालाय?"

काकू म्हणाल्या, "गरम आहे."

काकांना वाटलं, जमला नसेल, म्हणून असं म्हणतेय. "गोड कमी आहे का?"

"नाही हो." काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "गरम आहे. मला मेलीला ठाऊकच नव्हतं, हा गरम असताना कसा लागतो ते."

मंडळी! इतकी वर्षं हिवाळाभर काढा केला त्या माउलीनं. सारी आळी प्यायली. आणि तिच्या वाट्याला आला तो सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाला उरलेला. गार!

… पेटीवाले, थांबा जरा. आत्ता सूर नको.

काकू बऱ्या झाल्या. लगेच नाही, ताप उतरला, चढला, पुन्हा उतरला. मुलगी आली. चंद्राक्कांनी तांदळाची पेज आणून दिली आणि श्रीनिवासरावांना रोज दोन शब्द सुनावले, तेही औषधासारखे, वेळेवर! सांगलीला न्यायची वेळ आली नाही. दत्तानं लाज राखली — काकांची नव्हे, आपल्या सगळ्यांची.

पण आळीची गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रांग हजर! पेले, तांबे, थर्मास. काका बाहेर आले. म्हणाले, "आज काढा नाही. गोदा आजारी आहे."

"अरेरेरे!" सगळे एका सुरात हळहळले. आणि मग मागून एक आवाज — "मग उद्या असेल का?"

काका म्हणाले, "घरी करा. आलं ठेचा, किसू नका. आणि मिरी जपून घाला." मग जरा थांबून म्हणाले, "आजवर तीच करत होती. मी नुसता वाढत होतो." आणि फाटक लावून घेतलं. पहिल्यांदाच प्रवचन इतकं लहान झालं, आणि पहिल्यांदाच लोकांच्या लक्षात राहिलं!

पुढं आबासाहेब पुन्हा आले. समितीची चूक झाली म्हणाले, आता खरा सत्कार गोदावहिनींचा करायचा. काकू तोवर उठून बसत होत्या. आवाज परत आलेला. त्यांनी हात जोडले, म्हणाल्या, "भाऊजी, नको. सत्कार म्हटला की माणसं येणार. माणसांना काढा लागणार. तो कोण करणार? मीच ना?"

आबासाहेब हसले. काकू हसल्या नाहीत. आतून काकांचा आवाज आला, "मी करतो!" आबासाहेबांना तो मूठभर मिरीचा पेला आठवला. म्हणाले, "नको नको, सत्कार राहू द्या!"

आता आख्यान संपलं म्हणून तुम्ही हलायला लागलात. बसा! माझं काम अजून उरलंय.

तुम्ही हसलात. पोटभर हसलात. श्रीनिवासराव कसा फजीत झाला! शेजाऱ्याचा श्रीनिवासराव सगळ्यांना ओळखू येतो हो. पण मला इथून, उंचावरून, वेगळंच दिसतंय. पुरुष मंडळी भरगच्च. बायकांची बाजू अर्धी रिकामी. कुठं गेल्या बाकीच्या? थंडीला भिऊन घरी राहिल्या? छे!

जरा वास घ्या. येतोय? सुंठ, गूळ, वेलची… देवळामागच्या मुदपाकखान्यात तुमच्यासाठी प्रसादाचं सुंठपाणी उकळतंय. कीर्तन संपल्यावर गरम गरम मिळणार, म्हणूनच काहीजण शेवटपर्यंत बसलेत, मला ठाऊक आहे! ते उकळणाऱ्या बाया चुलीपुढं बसल्यात. ज्यांच्यासाठी मी हे आख्यान लावलं, त्यांनी यातला एक शब्दही ऐकला नाही!

म्हणून मी आता आरती सुरू करत नाही. आधी इथले काही पुरुष उठतील. आत जातील, त्यांच्या हातातला डाव घेतील, पहिले पेले त्यांना भरून देतील आणि त्यांना इथं पुढं आणून बसवतील. मग मी त्यांच्यासाठी आख्यान पहिल्यापासून सांगेन. माझा घसा बसला तर बसू दे.

हं. उठा.

… कोणी नाही?

अध्यक्षसाहेब, खाली काय बघताय? सतरंजीवर उत्तर नाही. चला, मीच उठतो. तबलजी, तुम्हीही चला. — आणि पेले आपापले घेऊन येऊ नका! आज आधी त्यांचे भरायचेत.